औषधशोधाचे नवे शास्त्र आणि परिचय-पुस्तिकेतील एक रकाना
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात यवतमाळ येथे दिलेले व्याख्यान)



आजच्या संमेलनात दोन शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली, याबद्दल मी चालकमंडळाचा ऋणी आहे. विषय ऐकून आपणांपैकी कित्येकांच्या चेहऱ्यांवर स्मित उमटले, ते मला येथून दिसते आहे. केवळ मॅट्रिक झालेल्या आणि उभा जन्म चौथीच्या वर्गाला त्रैराशिक व शुद्धलेखन शिकविण्यात घालविलेल्या मास्तराने यंत्राच्या साहाय्याने औषधे शोधण्याच्या शास्त्रावर बोलावे, ही गोष्ट थोडी चमत्कारिक आहे खरी. परंतु या विषयाकडे मी हौसेने वळलेलो नाही. माझ्या हातून घडलेल्या एका चुकीने मला तिकडे नेले, आणि ती चूक आपणां सर्वांसमक्ष कबूल करावी हाही आज उभे राहण्यामागे एक हेतू आहे.

आपल्या मंडळाच्या वधू-वर परिचय-पुस्तिकेचे काम गेली कित्येक वर्षे माझ्याकडे आहे, हे आपण जाणताच. दोन वर्षांपूर्वी दारव्हा तालुक्यातील एका कास्तकार बांधवांनी आपल्या मुलीचा अर्ज भरून दिला. वय एकतीस, शिक्षण पीएच.डी., आणि व्यवसायाच्या रकान्यात 'पोस्ट-डॉक' एवढाच शब्द. हा कोणता व्यवसाय, ते मला कळेना. विचारण्याचा आळस केला, आणि पीएच.डी.नंतरही काही शिकणेच चालले असावे असे मनाशी ठरवून मी पुस्तिकेत 'शिक्षण चालू' असे छापले. व्यवसायाचा रकाना कोरा राहिला. पुढे अमरावतीकडील एक चांगले स्थळ आले. पुस्तिका चाळून मुलाचे वडील एवढेच म्हणाले, ''एकतीस वर्षांची मुलगी अजून शिकूनच राहिली काय?'' आणि उठून गेले.

मुलीचे वडील बाजाराच्या दिवशी माझ्याकडे आले. मनुष्य शांत. रागावले नाहीत. ''गुरुजी, तुमच्याच वर्गात पहिली आली होती ती,'' एवढे बोलले आणि चहा न घेता गेले. ते रागावले असते तर मला बरे वाटले असते.

त्या दिवाळीत मुलगी गावी आल्याचे कळताच मी वही-पेन्सिल घेऊन त्यांच्या घरी गेलो. जिला मी पाढे शिकविले, तिच्यासमोर ओसरीवर विद्यार्थी होऊन बसलो. पुढील दोन वर्षांत तिची पत्रे, तिने पाठविलेली टिपणे आणि माझे तुटपुंजे वाचन यांतून मला जे समजले, ते आज सांगतो. जेथे चूक असेल ती माझी समजावी, तिची नव्हे.

प्रथम हा 'पोस्ट-डॉक' म्हणजे कोण ते पाहू. वकिलीची सनद मिळाली तरी नवा वकील काही वर्षे जाणत्या वकिलाच्या हाताखाली काढतो. डॉक्टरही पदवीनंतर रुग्णालयात राबतो. त्याला आपण 'शिकत आहे' असे म्हणत नाही. तद्वतच पीएच.डी. झालेला मनुष्य दोन-तीन वर्षांच्या मुदतीवर एखाद्या प्रयोगशाळेत स्वतंत्रपणे संशोधन करतो, त्यास पोस्ट-डॉक्टरल संशोधक म्हणतात. त्याला परीक्षा नाही, फी नाही. उलट त्यालाच छात्रवृत्ती मिळते. जगातील प्रयोगशाळांत हातांनी होणारे काम पाहू गेल्यास त्याचा फार मोठा भाग याच मंडळींच्या हातून होतो. आपल्या देशात विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाने जी राष्ट्रीय छात्रवृत्ती सुरू केली, तिची मुदत दोन वर्षांची, वयोमर्यादा ३५ वर्षांची, आणि स्त्रियांसाठी त्यात ५ वर्षांची सूट ठेवलेली. म्हणजे चाळिशीपर्यंतची स्त्री हे काम करील हे सरकारने गृहीत धरले. मी मात्र एकतीस हा आकडा पाहून बिचकलो.

आता औषधाकडे वळू. औषध कसे सापडते? आपल्या आजीला विचारले असते तर तिने बांधावरची वनस्पती दाखविली असती, आणि ते उत्तर अगदीच चूक नव्हते. पुष्कळ औषधे झाडपाल्यातून आली, पुष्कळ मातीतून आली. क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिन हे १९४३ साली अमेरिकेत मातीतील सूक्ष्मजीवापासून मिळाले. आपल्याकडे पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना स्थापन झाला. तेथील शास्त्रज्ञ डॉ. थिरुमलाचार यांनी मातीतील एका सूक्ष्मजीवाचे नामकरण पिंपरी गावावरून 'पिंप्रिना' असे केले, आणि त्यापासून बुरशीवरील हॅमायसिन हे औषध तयार झाले. जगाच्या शास्त्रीय कोशात महाराष्ट्रातील एका गावाचे नाव अशा रीतीने शिरले, ही गोष्ट आपल्या मुलांना शाळेत कोणी सांगत नाही. मीही सांगितली नव्हती, कारण मलाच ठाऊक नव्हती.

परंतु औषध सापडण्याची आणखी एक वाट आहे: एका रोगासाठी केलेले जुने औषध दुसऱ्याच दुखण्यावर लागू पडणे. याचे सर्वांत उत्तम उदाहरण आपल्याच मराठी मुलखातले आहे, म्हणून त्यावर थोडा अधिक वेळ घेतो.

डॉ. हिंमतराव बावस्कर हे जालना जिल्ह्यातील देहेड या खेड्याचे. वैद्यकीची पदवी त्यांनी आपल्या नागपुरास घेतली, आणि १९७६ साली कोकणात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते रुजू झाले. त्या भागात लाल विंचू फार. त्याचा दंश झाला की धडधाकट मूल घामाने निथळू लागे, हातपाय गार पडत, रक्तदाब चढे, पुढे फुप्फुसांत पाणी होऊन तोंडाला गुलाबी फेस येई आणि मूल दगावे. अशा गंभीर रुग्णांपैकी शंभरातील तीस-चाळीस मरत असत. बावस्करांनी रुग्णाच्या खाटेशी रात्र-रात्र बसून नोंदी ठेवल्या. काय प्रथम होते, काय मागाहून होते, हे टिपले. त्यावरून त्यांच्या ध्यानी आले की विंचवाचे विष शरीरातील एका विशिष्ट यंत्रणेला बेफाम चेतवते, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदयावर असह्य ताण येतो. मग या आवळण्याच्या उलट कार्य करणारे औषध कोणते? प्राझोसिन नावाची साधी गोळी बाजारात होती, ती वाढलेल्या रक्तदाबावर देत असत. त्यांनी ती विंचूदंशावर दिली. १९८६ साली इंग्लंडच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. मृत्यूचे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आले. पुढे २०११ साली त्यांनी व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी प्राझोसिनसोबत विंचवाचे प्रतिविष देऊन पाहिल्याचा निबंध ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

हे मी विस्ताराने का सांगितले? कारण आज यंत्राकडून जे करवून घेतात, त्यातील एक मोठा भाग म्हणजे बावस्करांनी स्वतःच्या डोक्याने जे केले तेच: हाताशी असलेल्या औषधांचा नवा उपयोग ओळखणे. फरक इतकाच की बावस्करांपुढे मोजकी औषधे होती. यंत्रापुढे कोट्यवधी रेणू असतात.

ही संख्या किती मोठी, ते तिने ओसरीवर खडूने लिहून दाखविले. औषध होऊ शकतील असे रेणू किती संभवतात? अंदाज असा की एकावर साठ शून्ये. मी शून्ये मोजू लागलो आणि मध्येच चुकलो. एवढ्या रेणूंपैकी एकेक तयार करून तपासावयाचे म्हटले तर युगे लोटतील. आणि नुसता रेणू सापडून भागत नाही. नवे औषध शोधापासून दुकानापर्यंत येण्यास दहा-पंधरा वर्षे लागतात, आणि माणसांवरील चाचणीपर्यंत जी औषधे पोहोचतात त्यांपैकीही दहांतील सुमारे एकच अखेरीस मान्य होते. तेव्हा कोणता रेणू हाती धरावा आणि कोणता सोडावा, याचा अंदाज आधीच बांधता आला तर केवढा वेळ वाचेल!

हा अंदाज बांधणाऱ्या शास्त्राला मशीन लर्निंग म्हणतात. मराठीत यंत्रशिक्षण म्हणू. यंत्र शिकते म्हणजे काय, हे आपणां यवतमाळकरांस समजाविणे सोपे आहे. बाजार समितीत कापसाची गाडी आली की जाणता ग्रेडर मूठभर कापूस चिमटीत ओढतो आणि धाग्याची लांबी, ओल, कचरा यांचा अदमास सांगतो. त्याला तो नियम कोणी पाठ करून दिलेला नसतो. हजारो गाड्या पाहून, मागून कळलेल्या प्रतीशी आपला अदमास ताडून, त्याचा हात तयार झालेला असतो. यंत्राचेही तसेच. त्याला हजारो रेणू दाखवितात, हा रेणू जिवाणू मारतो, हा मारत नाही असे सांगतात. ते अंदाज करते, चुकते, चुकीच्या प्रमाणात आपले आतले आकडे किंचित सरकविते आणि पुन्हा अंदाज करते. असे पुष्कळदा झाले की न पाहिलेल्या रेणूविषयीही त्याचा अंदाज बरा येऊ लागतो.

याचे गाजलेले उदाहरण सन २०२० मधील आहे. अमेरिकेत केंब्रिज येथे जोनाथन स्टोक्स नावाचा एक तरुण काम करीत होता. तोही आपल्या या मुलीप्रमाणे पोस्ट-डॉकच. त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी २,३३५ रेणू एका जिवाणूवर तपासले. त्यांपैकी १२० रेणूंनी जिवाणूची वाढ रोखली. एवढा धडा यंत्राला दिला. मग सुमारे सहा हजार औषधी रेणूंची यादी त्याच्यापुढे ठेवून निवड करावयास सांगितले. यंत्राने अग्रक्रम दिलेल्या रेणूंपैकी ९९ प्रत्यक्ष तपासले, तेव्हा ५१ खरोखर लागू पडले. आणि मला जी गोष्ट मास्तर या नात्याने सर्वांत आवडली ती ही की, यंत्राने ज्यांना शेवटचे क्रमांक दिले त्यांपैकीही ६३ त्यांनी मुद्दाम तपासले. त्यांत केवळ २ लागू पडले. पहिल्या बाकावरच्यांना प्रश्न विचारून वर्ग हुशार आहे असे ठरविणारे इन्स्पेक्टर मी पुष्कळ पाहिले. शेवटच्या बाकावर जाऊन खात्री करून घेणारे थोडे.

त्या निवडीतून एक रेणू पुढे आला. तो पूर्वी मधुमेहासाठी तपासला गेला होता. एका जुन्या चित्रपटातील 'हॅल' या संगणकावरून त्याला हॅलिसिन हे नाव दिले. इतर औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंवर तो उंदरांमध्ये लागू पडला. पुढे याच यंत्राने १० कोटी ७० लाखांहून अधिक रेणू चाळले. तथापि हॅलिसिन अद्याप माणसांसाठीचे औषध झालेले नाही. वर्तमानपत्रांनी त्या वेळी मोठमोठे मथळे दिले, पण उंदीर आणि मनुष्य यांमधील वाट फार लांबीची आहे.

येथे त्या मुलीने मला जे सांगितले ते या सर्वांहून मोलाचे वाटले. मी तिला विचारले, ''बाळ, यंत्रच शिकते, यंत्रच निवडते, मग तू काय करतेस?'' ती हसली आणि म्हणाली, ''गुरुजी, मी पेपर काढते.'' त्याचा अर्थ असा. वर्गातील काही मुले गाईड पाठ करतात. परीक्षेत गाईडातलेच गणित आले तर पैकीच्या पैकी, आकडे बदलले की भोपळा. यंत्रालाही ही खोड असते. शिकविताना दाखविलेल्या रेणूंशी मिळतेजुळते रेणू परीक्षेत आले तर त्याला भरघोस गुण मिळतात, आणि संशोधकही खूष होतात. खरा नवा रेणू पुढे आला की ते गोंधळते. तेव्हा प्रश्नपत्रिका अशी काढावयाची की पाठांतर उपयोगी पडू नये. हे काम वरून सोपे दिसते, परंतु त्यात महिनेच्या महिने जातात. आणखी एक अडचण अशी की जगभर जे प्रयोग फसतात त्यांची नोंद सहसा कोणी छापत नाही. त्यामुळे यंत्राला यशाचेच धडे मिळतात, अपयशाचे मिळत नाहीत. नापास मुलांच्या उत्तरपत्रिका न पाहता मास्तर झालेल्या माणसासारखी त्याची गत होते.

तिचे स्वतःचे काम क्षयाच्या जिवाणूवर आहे. या जिवाणूभोवती मेणासारखे जाड कवच असते. औषध कितीही जालीम असले तरी ते कवच ओलांडून आत गेले पाहिजे. कोणता रेणू आत जाईल, याचा अंदाज यंत्राकडून बांधून घ्यावयाचा, असा तिचा उद्योग. क्षयावर अगदी नव्या पद्धतीने चालणारे बेडाक्विलिन हे औषध २०१२ साली अमेरिकेत मान्य झाले, ते जवळजवळ चाळीस वर्षांच्या खंडानंतर. यावरून या कामाची निकड कळेल. पहिल्या खेपेस तिने निवडलेल्या रेणूंपैकी एकही उतरला नाही. हे तिने मला सांगितले तेव्हा मी सांत्वनपर काही बोलू लागलो. ती म्हणाली, ''वाईट वाटू देऊ नका, तेही मी लिहून ठेवले आहे.''

आता आपल्या शिवारातील एका विषयाकडे येतो. पावसाळ्यात कपाशी-तुरीच्या रानात पाय पडला की काय होते, ते सांगावयास नको. या सभागृहात अशी घरे आहेत की ज्यांतील माणूस सापाने नेले. सन २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने दरसाल सरासरी सुमारे ५८,००० माणसे दगावली, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर जी लस आपल्याकडे देतात, ती घोड्याला अल्प मात्रेत विष टोचून, त्याच्या रक्तात तयार होणाऱ्या प्रतिविषापासून काढतात. मूळ रीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची. लाखो जीव तिने वाचविले. मात्र तिच्यात उणिवा आहेत. घोड्याच्या रक्तातील प्रथिनांनी कित्येकांना त्रास होतो. शिवाय आपल्याकडील लसीसाठी लागणारे विष बव्हंशी तामिळनाडूतील इरुळा लोकांच्या सहकारी संस्थेकडून येते, आणि एकाच जातीच्या सापाचे विष प्रांतोप्रांती थोडे बदलते. म्हणजे लस तिकडील सापाची आणि दंश घाटंजीच्या सापाचा.

प्रथिन म्हणजे वीस प्रकारच्या मण्यांची लांब माळ. ती माळ फेट्यासारखी स्वतःभोवती गुंडाळली जाते, आणि फेटा कसा बांधला त्यावर तिचे कार्य ठरते. मण्यांच्या क्रमावरून फेट्याचा आकार सांगणे हे कोडे शास्त्रज्ञांना पन्नास वर्षे सुटत नव्हते. यंत्रशिक्षणाने ते पुष्कळ अंशी सोडविले, आणि २०२४ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्याबद्दल डेमिस हसाबिस व जॉन जंपर यांना, आणि सर्वस्वी नवी प्रथिने रचण्याबद्दल डेव्हिड बेकर यांना मिळाले. जंपर यांचे वय त्या वेळी ३९ होते, आणि त्यांना पीएच.डी. मिळून अवघी सात वर्षे झाली होती. जानेवारी २०२५ मध्ये बेकर यांच्या प्रयोगशाळेतून असे प्रसिद्ध झाले की नागाच्या कुळातील सापांच्या विषात जी तीन बोटांच्या आकाराची द्रव्ये असतात, त्यांना घट्ट पकडून ठेवणारी लहान प्रथिने यंत्राच्या साहाय्याने रचली गेली. घोडा नाही, रक्त नाही. प्राणघातक मात्रा दिलेले उंदीर त्यांनी वाचले. त्या निबंधावर पहिले नाव सुसाना वास्केझ टोरेस या तरुण संशोधिकेचे आहे. घोणस-फुरशांचे विष निराळ्या घडणीचे असल्याने त्यांच्यावर ही प्रथिने चालणार नाहीत, आणि माणसांसाठी तर हे औषध अजून तयारच नाही. म्हणून सर्पदंश झाल्यास मांत्रिकाकडे न जाता ताबडतोब सरकारी दवाखाना गाठावा, आणि घोड्याचीच लस घ्यावी, हे मी हात जोडून सांगतो.

आपला विदर्भ या विद्येत परका नाही. परम या महासंगणकाची निर्मिती ज्यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅक या संस्थेत १९९१ साली झाली, ते डॉ. विजय भटकर अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे. त्यांचेही शिक्षण नागपुरास झाले. पुणे विद्यापीठात जैव माहितीशास्त्राचे केंद्र १९८७ पासून आहे. साधने आहेत, माणसेही आहेत.

परंतु या वाटेचे सर्व गोडच आहे असे सांगितले तर मी दुसऱ्यांदा चुकीचे छापल्यासारखे होईल. मुदत संपली की पुढे काय, याची शाश्वती नसते. प्राध्यापकाच्या जागा थोड्या, उमेदवार फार. काहींना परदेशी जावे लागते, काही औषधकंपन्यांत जातात, काही शेवटी शाळा-कॉलेजात शिकवितात. छात्रवृत्तीचा हप्ता कधी महिनोन् महिने अडतो. तिचाही अडला होता, आणि त्या काळात तिने खोलीचे भाडे वडिलांनी विकलेल्या तुरीतून भरले. तिच्या वडिलांनी हे मला सांगितले, तिने सांगितले नाही. तिच्या लग्नाविषयी मी विचारले, तेव्हा ''ज्याला माझे काम विचारावेसे वाटेल त्याच्याशी बोलेन,'' एवढेच ती म्हणाली. मुलगी दोन वर्षांसाठी पुण्यास, मग कदाचित दोन वर्षे दुसऱ्या देशी, हे ऐकून सोयरीक करणारा बिचकेल, हे मी समजू शकतो. पण बिचकावयाचे ते खरी माहिती कळल्यावर बिचकावे. माझ्या चुकीच्या छपाईवरून नव्हे.

आपला विद्यार्थी साहाय्य निधी आजवर पहिल्या पदवीपाशी थांबतो. पीएच.डी.नंतरच्या संशोधकाचा हप्ता अडल्यास त्याला सहा महिन्यांसाठी बिनव्याजी उसनवारी मिळावी, असा ठराव मी कार्यकारी मंडळाकडे दिला आहे. त्यावर मतभेद आहेत. निधी गरजू लहान मुलांसाठी आहे, असे काहींचे म्हणणे. ते म्हणणे मला खोटे वाटत नाही. म्हणून मी रक्कम लहान ठेवली आहे, आणि आरंभ माझ्या एका महिन्याच्या पेन्शनने केला आहे.

पुस्तिकेविषयी सांगून थांबतो. यंदापासून 'शिक्षण' आणि 'व्यवसाय' यांच्यामध्ये 'संशोधन' हा नवा रकाना घातला आहे. त्यात विषय, संस्था व मुदत अशी तिन्ही माहिती मराठीत लिहावी. शब्द अडला तर इंग्रजी शब्द तसाच देवनागरीत लिहून मला फोन करावा, मी विचारून घेईन. दारव्ह्याच्या त्या मुलीचा अर्ज तिच्या वडिलांनी याही वर्षी दिला आहे. तो पुस्तिकेत छापण्यापूर्वी मी तिला वाचून दाखविला. तिने एक वेलांटी दुरुस्त केली.